निळं-पांढरं स्वयंपाकघर

"माझा लाल मग कुठाय? या घरात राहायला आता जुनंपुराणं व्हावं लागतं वाटतं माणसाला!"

नवरा, चेंग हॉक, माझ्या कानाशी कुरकुरत होता. सकाळीच अक्कलदाढ काढलेली, तोंडात कापसाचा बोळा, गाल नारळाएवढा!

"अहो, वर जाऊन पडा. पाहुणे जाईपर्यंत हे ध्यान खाली दिसता कामा नये!"

कारण त्या दिवशी माझं स्वयंपाकघर अख्ख्या मलाक्काची बोलती बंद करणार होतं! वर्षभर जुन्या बाजारात फिरून मी एकेक वस्तू वेचली होती. निळ्या नक्षीच्या ताटल्या, एकावर एक बसणारे निळे डबे, पांढऱ्या बरण्या. भिंतीवर ऊन आलं की वाटे, समुद्रच घरात डोकावतोय! दारावरचं शुभाचं लाल कापड त्यात विजोड दिसत होतं, तेही उतरवलं. मी स्वतः निळा कबाया घातला. आरशात पाहिलं तर मीही एक बरणीच!

आता, आम्हा न्योन्यांच्या, म्हणजे इथल्या जुन्या चिनी घराण्यांतल्या बायकांच्या, घरांत निळी-पांढरी भांडी निघतात ती दुखवट्याला, लग्नाला गुलाबी-हिरवी. हे सगळ्यांना ठाऊक. मला सोडून! माझ्या माहेरी जर्मनच्या ताटल्या. त्यांना काय सुतक नि काय सोयर!

पाहुण्या होत्या बिबिक किम लुआन, माझ्या लेकीची, सुआनची, होणारी सासू. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे बिबिक म्हणतात. लग्नाची तारीख पक्की करायला मुलाला, एंग सेंगला, घेऊन आलेल्या. बाई जुन्या वळणाची. तारीख आधीच दोनदा पुढे ढकललेली, त्यातली एकदा तर मांजर मेलं म्हणून! सुआन दारामागे श्वास रोखून उभी होती.

बिबिक उंबऱ्यातच थिजल्या. हळूच हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून त्यांनी पर्समध्ये टाकल्या. किती जपतेय, मी मनात म्हटलं, माझ्या ताटल्यांना ओरखडासुद्धा नको हिला!

"हे सगळं... एकटीनं केलंत?"

"मग! कोण येतंय मदतीला?"

त्यांचे डोळे भरून आले. ताटल्या बघून रडणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती! अशी दर्दी विहीण मिळायला भाग्य लागतं.

"आणि चेंग हॉक... फार त्रास झाला का त्यांना?"

सुआननं दाढेचं सांगितलेलं दिसतंय!

"ओरडले हो! पण जाऊ दे बिबिक, आज त्यांचा विषय नको. तो चेहरा आठवला तरी कसंतरी होतं."

एंग सेंगनं मान खाली घातली. बिबिकनी माझा हात घट्ट धरला. कौतुक अंगावर येतंय म्हणून मी टार्ट आणायला वळले, तोच जिना करकरला.

नवरा! पाणी प्यायला आला होता. जबड्याला बांधलेला पांढरा टॉवेल डोक्यावर गाठ मारलेला, गारव्यासाठी तोंडभर तांदळाची पिठी, आणि तोंडात आता दोन बोळे, त्यामुळे शब्द फुटेना.

आमच्याकडे गेलेला माणूस सातव्या दिवशी घरी येतो म्हणतात. आपण गेलो, हे त्या बिचाऱ्याला माहीत नसतं.

एंग सेंग चुलीला चिकटला. मी शरमेनं अर्धी झाले. फक्त बिबिक पुढे झाल्या. हात जोडलेले आणि आवाज लहान मुलाला समजवावं तसा.

"चेंग हॉक, घाबरू नका हं. या बिचारीला तुम्हाला सांगवत नाहीये, म्हणून मी सांगते. तुम्ही वारलात. सुआनची काळजी सोडा, या वेळी तारीख मी पुढे ढकलत नाही. आता मागे वळा, आणि सुखानं जा."