पाचवा धोंडा

एका जंगलात, मुलांनो, सिंह केवळ रूढी म्हणून राजा होता. खरी सत्ता वैद्यशाळेच्या प्रवेश समितीची होती.

समितीचा नियम सोपा होता. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने एकाच ऋतूत पाच विषय शिकावेत आणि प्रत्येक विषयामागे एक धोंडा पाठीवर बांधावा. या ऋतूत चार आणि पुढच्या ऋतूत सहा, अशी सोय चालत नसे. ज्याला पाच धोंडे पेलत नाहीत त्याला रुग्ण काय पेलणार, असा समितीचा युक्तिवाद होता.

शेवंती अस्वलिणीला वैद्य व्हायचे होते. तिच्या टेकडीवर एकही वैद्य नव्हता. साध्या पोटदुखीलाही तिथल्या प्राण्यांना नदी ओलांडावी लागे. तिने नाडी, अस्थी, वनस्पती आणि पथ्य हे चारच विषय घेतले. उरलेला वेळ ती आजाऱ्यांजवळ बसे.

"अगं, पाचवा घे की!" नागोजी वानर म्हणाला. "मी जांभईशास्त्र घेतलंय. सगळे तास झोपेत पार पडतात."

"त्याचा रुग्णाला काय उपयोग?"

"रुग्णाला नाही गं बाई, धोंड्याला!"

मुलाखतीच्या दिवशी समितीचे प्रमुख, आचार्य गवा, बांबूचे कोवळे कोंब जरा जास्तच खाऊन आले. पहिला प्रश्न विचारण्याआधीच त्यांचे पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि ते आडवे झाले.

पाच धोंडेवाले उमेदवार लगबगीने भोवती जमले. रोगाचे नाव सर्वांना तोंडपाठ होते. पण पाठीवरच्या ओझ्यामुळे वाकता मात्र एकालाही येईना.

"अरे, नाडी बघा कुणीतरी!" आचार्य कण्हले.

"इथूनच बघतोय, आचार्य," नागोजी अदबीने म्हणाला.

तेव्हा शेवंती पुढे झाली. चार धोंड्यांनिशी ती जेमतेम वाकली. तिने नाडी पाहिली, ओव्याची पाने चारली, पोट चोळले. थोड्याच वेळात आचार्यांनी असा ढेकर दिला की झाडांवरचे पोपट उडाले. उमेदवारांनी टाळ्या वाजवल्या. आता आपला प्रवेश पक्का, असे शेवंतीला वाटले.

आचार्य उठून बसले. त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिले.

"तू वाकलीस कशी?"

"चारच धोंडे आहेत, आचार्य."

"अरेरे! म्हणजे अर्ज नामंजूर."

"पण आपण बरे झालात ना?"

"झालो की! त्याबद्दल मी ऋणी आहे. पण ते माझ्या पोटापुरतं. नियमाला पोट नसतं."

शेवंती खिन्न होऊन निघाली. आचार्यांनी तिला मायेने हाक मारली.

"पोरी, पुढच्या ऋतूत पुन्हा अर्ज कर. आणि तोवर रोज सकाळी येऊन माझं पोट बघून जात जा."

"म्हणजे मी वैद्य झाले?"

"छे, छे! वैद्य व्हायला पाच धोंडे लागतात. बरं करायला चार पुरतात."

तात्पर्य : रुग्णाला बरे करता येणे हा प्रवेशार्थ्याचा अक्षम्य दोष नव्हे, मात्र त्यासाठी आपण वाकू शकतो, हे त्याने समितीच्या नजरेस पडू देऊ नये.