होडी मंजूर, नर्स नामंजूर

"आठ दिवसांत नर्स आणली नाही ना, तर हेडक्लार्कची खुर्ची सोडून देईन!"

भाऊसाहेबांनी ही गर्जना केली ती दवाखान्याच्या खिडकीबाहेर, सहा फुटांचं अंतर राखून आणि तोंडावर दुहेरी मास्क चढवून. त्यामुळे ती निम्मीच आत पोचली. आत त्यांची बायको उभी होती. गावच्या दवाखान्यातली ती एकुलती एक नर्स. गाव तिला सिस्टर म्हणायचं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, पण साथ आल्यापासून तेही फक्त फोनवर यायला लागले होते. शेजारच्या शाळेत एकोणीस रुग्ण झोपलेले, दारात रोजची रांग, आणि सगळ्यांना मिळून ही एक बाई! अडतीस दिवस ती घरी गेली नव्हती. औषधांच्या खोलीत खोक्यांवर सतरंजी टाकून दोन-दोन तास डोळा लावायची, की लगेच कोणीतरी दार वाजवायचं.

"मला खुर्ची नकोय तुमची," ती खिडकीतून म्हणाली. "मला एक बाई द्या. एकच! काल मी लोखंडी कपाटाचा ताप मोजला."

"काय?"

"उभ्या-उभ्या डुलकी लागली हो. कपाटाच्या दारावर तापमापक धरला आणि रजिस्टरात लिहिलंही. नॉर्मल निघाला."

भाऊसाहेबांना हसू आलं नाही. उद्या ही बाई आडवी झाली, तर एकोणीस माणसांच्या नाकाला नळ्या कोण लावणार? आप्पा शिपाई? त्याला साधं स्टॅपलर लावता येत नव्हतं! आणि घरी सात वर्षांची लेक होती. ती वेणी घालायला स्वतःची स्वतः शिकली होती. वेणी डाव्या कानावरून निघून उजव्या खांद्याचा रस्ता चुकायची. 

पण त्या दिवशी भाऊसाहेबांना आशा होती. वरच्या कार्यालयाने 'लहान पालिकांना आधार' नावाचा एक कक्ष काढला होता. साथीच्या काळात लहान गावांच्या कारभाराला वाऱ्यावर सोडायचं नाही, जे लागेल ते मागा, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. सोबत एक अर्ज. अर्जात बासष्ट रकाने.

आता रकाने म्हटले की भाऊसाहेबांच्या अंगात संचारायचं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटा आकडा लिहिला नव्हता आणि रकाना कोरा सोडला नव्हता. शिवाय त्यांचा एक पक्का नियम होता: मागणीच्या रकान्यात शून्य कधी लिहायचं नाही! अकरा वर्षांपूर्वी, कचेरीत खराटे आहेत म्हणून त्यांनी खराट्यांपुढे प्रामाणिकपणे शून्य लिहिलं होतं. तेव्हापासून वरून आजतागायत एक काडी आली नव्हती. आप्पा अजून त्या जुन्या खराट्याच्या बुडख्याने अंगण झाडत होता. एकदा शून्य लिहिलं की वरचे लोक ते दगडावर कोरून ठेवतात, हे भाऊसाहेब तेव्हाच शिकले.

म्हणून त्यांनी नर्सपुढे ठसठशीत 'एक' लिहिला, आणि उरलेल्या एकसष्ट रकान्यांत वस्तूंची नावंही न वाचता खालपर्यंत एक, एक, एक, एक! सही ठोकली, शिक्का मारला आणि अर्ज रवाना केला.

तो अर्ज मुळात पुराच्या वेळी छापलेला होता. 'पूर' या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर 'साथ' लिहिलेलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं, पण सहाव्या दिवशी.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. नर्स: नामंजूर! कारण, गावची लोकसंख्या निकषापेक्षा तीनशे बारांनी कमी. ऑक्सिजनचं यंत्र विचाराधीन. हातमोजे विचाराधीन. साठ वस्तूंची अशी वाट लागलेली, आणि सत्तेचाळिसाव्या ओळीत एकच शब्द झळकत होता. होडी: मंजूर.

"आप्पा, हे होडीच लिहिलंय ना?"

"होडीच आहे," आप्पा म्हणाला. "पण आपल्याकडे नदी कुठाय?"

नदी नव्हती, ओढा नव्हता, साधं डबकं नव्हतं! भाऊसाहेबांनी तातडीने मदत कक्षाला फोन लावला. पण कार्यालयाची खरी कार्यक्षमता नको तिथेच दिसते. तिकडे कोणी फोन उचलायच्या आत इकडे ट्रक दारात उभा!

होडी चांगली वीस फुटी होती, फायबरची, नारिंगी रंगाची. ट्रकवाल्याने कागद काढला. "जलाशयालगत उतरवून पोच घेणे, असं लिहिलंय. जलाशय कुठाय?"

"नाहीये!"

"असं कसं? पाण्याचं काहीतरी असेलच की. मला पोच पाहिजे."

गावात पाण्याचं म्हणावं असं एकच ठिकाण होतं. दवाखान्याच्या अंगणातली सिमेंटची टाकी. ट्रकवाल्याने टाकी पाहिली, मान डोलावली, आणि होडी टाकी आणि दवाखान्याचं दार यांच्यामध्ये आडवी उतरवली. पोच घेऊन गेलासुद्धा!

खिडकी धाडकन उघडली. "अहो! हे काय आणलंत?"

"होडी."

"ते मलाही दिसतंय! नर्स कुठाय?"

भाऊसाहेबांनी नामंजुरीचं कारण सांगितलं. सिस्टर ऐकत राहिली. मग इतक्या थंड आवाजात बोलली की भाऊसाहेब दोन पावलं मागे सरकले. "म्हणजे तीनशे बारा माणसं कमी जन्मली, म्हणून इथे असलेल्यांनी श्वास घ्यायचा नाही?"

भाऊसाहेब तावातावाने कचेरीत आले आणि पुन्हा फोन लावला. या वेळी तिकडून एक गोड आवाज आला. मदत कक्षातली ताई.

"होडी परत न्या!" भाऊसाहेब ओरडले.

"नेऊ की, सर. परतीचा अर्ज भरा. तो पूर ओसरल्यावर भरायचा असतो."

"अहो, पूर आलाच नाही!"

"मग ओसरणार कसा, सर?"

भाऊसाहेबांनी रिसीव्हरकडे पाहिलं. तो आपटावा की चावावा, हे त्यांना ठरवता येईना!

"आणि सर, होडी वापराचा अहवाल रोज पाच वाजेपर्यंत पाठवा. आला नाही तर तुमच्या गावाची बाकीची मदत थांबेल."

"बाकीची कुठली? काहीच आलेलं नाही!"

"तीच थांबेल, सर."

इकडे सिस्टरने रडत बसण्याऐवजी होडी कामाला लावली. रांगेतली माणसं रोज एकमेकांच्या अंगावर पडायची. कितीही ओरडा, अंतर ठेवायची नाहीत. होडीत आडव्या सहा फळ्या होत्या, फळी-फळीत चांगलं अंतर. तिने एका फळीवर एक माणूस बसवला. पुढचा उतरून आत गेला की मागचे सगळे एक-एक फळी पुढे सरकायचे. आणि गंमत बघा! अंगणात खडूने आखलेल्या गोलांना न जुमानणारी माणसं होडीत मात्र सुतासारखी सरळ बसली. एक आजोबा तर दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसले होते. जमिनीवर, उन्हात!

पाच वाजता भाऊसाहेबांनी अहवाल भरला. खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता. होडीत बसलेल्या व्यक्ती: एक्केचाळीस. त्यांपैकी आजारी: एक्केचाळीस. लगतच्या जलाशयाची पातळी: त्यांनी आप्पाला टाकीवर चढवून खात्री करून घेतली आणि लिहिलं, काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी व्यक्ती त्रेपन्न. पातळी काठोकाठ. तिसऱ्या दिवशी सत्तावन्न. पातळी: वाहून जात आहे. आप्पा नळ बंद करायला विसरला होता.

चौथ्या दिवशी सकाळी ताईचाच फोन आला. आवाजातला गोडवा पार उडालेला. "सर! अहो, परिस्थिती इतकी भयंकर आहे आणि तुम्ही बोलत नाही? तीन दिवसांत दीडशे आजारी माणसं होडीतून काढलीत तुम्ही! होडी चालवतंय कोण?"

"कोणीच नाही. ती जागच्या जागीच..."

"प्रशिक्षित माणूस नाही? हे नियमात बसतच नाही! दिवसाला चाळीसच्या वर माणसं असली तर चालक द्यावाच लागतो. आज पाठवते!"

"ताई, माझं ऐका..."

फोन बंद.

दुपारी एक धिप्पाड बाई मोटारसायकलवरून उतरली. अंगात फुगीर नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोराचं वेटोळं. तिने होडी पाहिली. होडीतले सहा रुग्ण पाहिले. होडीखालची माती पाहिली. पायाने उकरूनही पाहिली.

"पाणी कुठाय?"

"टाकीत," आप्पा म्हणाला.

मग ती जी कडाडली! नव्वद मैल ढुंगण बडवत आले ते ही थट्टा बघायला का? हेडक्लार्क कोण आहे, त्याला बाहेर काढा! भाऊसाहेब बाहेर आले आणि हात जोडून सगळी कथा सांगू लागले. ते बासष्ट रकान्यांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात चौथ्या फळीवरच्या आजोबांची मान कलंडली.

पुढचं इतक्या झटपट झालं की भाऊसाहेबांना नीट दिसलंही नाही. दोराचं वेटोळं जमिनीवर आपटलं, बाई उडी मारून होडीत चढली, आजोबांना कुशीवर वळवलं, नाडी धरली आणि गरजली, "ऑक्सिजन आणा! लवकर!" सिस्टर नळी घेऊन धावत आली, तर त्या बाईने तिच्या हातातून घेऊन ती सराईतपणे लावलीसुद्धा. दहा मिनिटांत आजोबा डोळे उघडून काठ शोधायला लागले.

"हे कुठे शिकलात?" सिस्टरने विचारलं.

"बुडालेल्याला काय नुसतं बाहेर काढून वाळत घालतात?" होडीवाली म्हणाली. "सुई देते, सलाईन लावते, श्वास देते. सहा महिन्यांचं शिक्षण आहे आमचं. तुम्ही शेवटच्या कधी झोपलात?"

सिस्टर आठवायला लागली. आठवता आठवता होडीच्या काठावर टेकली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"घरी जा," होडीवाली म्हणाली. "रजिस्टर कुठाय ते दाखवा आणि निघा. माझी नेमणूक होडीवर आहे, आणि रुग्ण होडीत आहेत. माझ्या कागदाप्रमाणे सगळं बरोबर आहे."

त्या दुपारी, सत्तेचाळीस दिवसांनी, सिस्टर घरी गेली. अंघोळ केली आणि लेकीची वेणी सोडून पुन्हा घालायला बसली. शेवटचा पेड घालता घालता हातात रिबीन धरूनच झोपली. लेक हलली नाही. आई उठेपर्यंत तशीच बसून राहिली, पाठ ताठ करून.

भाऊसाहेब दारातून हे बघत होते. त्यांना बरं वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. माणसांसाठी माणूस मागितला तर लोकसंख्या कमी! आणि होडीसाठी माणूस लागला तर दुपारपर्यंत हजर! गावाने काय करायचं? फायबरचं व्हायचं आणि नारिंगी रंग लावून घ्यायचा?

पाच दिवस सुखाचे गेले. दोघी आळीपाळीने काम करायच्या, आळीपाळीने झोपायच्या. कपाटाचा ताप कोणी मोजला नाही. आणि सहाव्या दिवशी मदत कक्षाचा कागद आला. 'पूर ओसरला असल्यास तसा दाखला द्यावा, म्हणजे होडी व चालक परत बोलावता येतील. ओसरला नसल्यास तसे लिहावे.' खाली एकच रकाना.

भाऊसाहेब कागदापुढे बसले. सव्वीस वर्षांत एक खोटा आकडा नाही! त्यांनी पेन उचललं, ठेवलं. टोपण लावलं, काढलं. टेबलावरून उठून खिडकीपाशी गेले. अंगणात होडीवाली पाचव्या फळीवरच्या बाईला श्वास मोजायला शिकवत होती. शाळेच्या ओसरीवर सिस्टर चहाचा कप हातात धरून कोणाशी तरी चक्क हसत बोलत होती.

ते परत आले, बसले आणि लिहिलं: 'ओसरला नाही. पाणी वाढत आहे.' आणि कधी नव्हे तो शिक्का उलटा पडला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मदत कक्षातली ताई!

भाऊसाहेबांना दरदरून घाम फुटला. पकडलं! चौकशी येणार, नोकरी जाणार, सव्वीस वर्षांची अब्रू धुळीला मिळणार. त्यांनी ठरवलं, सगळं कबूल करून मोकळं व्हायचं.

"ताई, मी काल जे लिहिलं ना..."

"वाचलं, सर. फार वाईट वाटलं. तुमच्यासाठी पाणी उपसायचा मोठा पंप मंजूर केलाय. आजच निघेल."

"पंप? नाही, नाही, ताई! पंपाचं आम्ही काय..." ते थांबले. आवाज आपोआप खाली आला. "ताई, पंपाबरोबर माणसं येतात का हो?"

"दोन येतात, सर. दोघांचंही प्रथमोपचाराचं शिक्षण झालेलं असतं."

भाऊसाहेबांनी घसा खाकरला. "एकच पंप पाठवताय? नाही म्हणजे... पाणी फार आहे हो इकडे!"

"बघते, सर. दुसऱ्यासाठी प्रत्यक्ष पाण्याचा एक फोटो लागेल."

भाऊसाहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला, इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आप्पा, होडीखाली चार बादल्या पाणी ओता बघू. अगदीच खोटं नको."