उंचीच्या मानानं

महादेवराव कंपाउंडरांना नमस्कार केला, की ते उलट नमस्कार करायच्या ऐवजी म्हणत, "चपला काढा." तुमचं डोकं दुखत असो, की तुम्ही नुसते 'डॉक्टर आहेत का' विचारायला आलेले असा, काट्यावर उभं राहिल्याशिवाय देवळीच्या त्या दवाखान्यात सुटका नव्हती.

ऐंशी सालच्या आसपास डॉक्टरांनी त्यांना एक सूत्र शिकवलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. वीस ते पंचवीस आलं की माणूस ठीक. झालं! दिसेल त्याचा भागाकार सुरू. आमचं अर्धं गाव अठराच्या खाली. लोकांना वाटे, हे मार्कच. एकतीस आकडा आलेले किराणावाले शेठ बाजारभर सांगत सुटले, "गावात पहिला आलो!" आणि मागून महादेवराव कपाळ बडवत, "अजी शेठ, हे कमी करा लागते!"

पुढे हे खूळ त्यांच्या बोलण्यातही शिरलं. भाचीसाठी ते एक स्थळ पाहून आले. मी विचारलं, "कसं काय?" तर म्हणाले, "पोरगा उंचीच्या मानानं बरा हाये." नोकरी, घरदार, कशाचा पत्ता नाही. शेजारी म्हणून मी त्यांची यथेच्छ टिंगल करी. माणूस एकटा, बायको आधीच गेलेली. रविवारचं जेवण आमच्याकडेच असे.

एका रविवारी ताटावर बसले आणि जेवेचनात. माझी बायको पाणी आणायला आत गेली, तसे हळूच म्हणाले, "मास्तर, परवा वहिनी खोकल्याचं औषध न्यायले आल्या, तं वजन केलं. दिवाळीत आकडा एकोणीस होता, आता सतरा. उतरून राह्यला. वर्धेले नेऊन तपासा."

मी हसलो. "अहो, तिचा बांधाच तसा आहे. उंचीच्या मानानं..."

"उंची गेली खड्ड्यात!" महादेवराव ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. मग मान खाली घालून म्हणाले, "मीबी हेच म्हनत होतो. आमच्या शांतीचा बांधाच तसा हाये. साऱ्या गावाले दवा देल्ली मी, अन् घरची बाई वाळून राह्यली ते मले दिसलं नाई."

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही वर्धा गाठलं. क्षय निघाला. "वेळेत आणलंत," तिथले डॉक्टर म्हणाले.

वर्षभर औषध चाललं. दर शनिवारी महादेवराव हिला काट्यावर उभं करत. मी टिंगल सोडून दिली होती.

शेवटच्या शनिवारी काटा दिवाळीच्याही पुढे गेला. महादेवरावांनी भागाकार मांडला, खोडला, पुन्हा मांडला. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आज तुमीच करा, मास्तर. मले दिसून नाई राह्यलं."