कांबळे सिस्टरांची वांगी

कांबळे सिस्टर कुणाच्याही 'छान'वर विश्वास ठेवत नसत. तब्येत छान आहे म्हणालात, की त्या तुमची खालची पापणी ओढून बघत. चहा छान झाला म्हणालात, तर कपाच्या तळाशी किती उरला ते बघत. मग मान हलवून म्हणत, "मला शंका हाय."

आयुष्यभर त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. गोळी गिळली म्हणून सांगणारे आणि ती उशीखाली दडवणारे पेशंट बघून बघून त्यांचा माणसांवरचा भरवसा उडाला असावा, अशी माझी समजूत होती. नव्वदच्या दशकात निवृत्त होऊन त्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात, अगदी माझ्या समोरच राहायला आल्या. एकट्याच. त्यानंतर बोळात येणारा एकही भाजीवाला निर्धास्त राहिला नाही.

"ही वांगी एवढी चकाकत्यात कशानं? लग्नाला निघाल्यात?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "रान कुठलं?" लांबचं गाव सांगितलं की त्या गड्यानं पाटी उचलायचीच. "ट्रकातनं आलेलं माळवं दमलेलं असतंय. त्याला काय चव ऱ्हाणार?" उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटायला डंकावर गेल्या, की स्टूल टाकून आपल्या मिरच्यांसमोर बसत. शिंक आली तरी डोळे मिटत नसत.

"सिस्टर, मी काय चोर हाय व्हय?" डंकवाला वैतागून विचारायचा.

"तसं कुठं म्हटलं? मला फक्त शंका हाय."

त्यांचा विश्वास एकाच रानावर होता, आणि ते दिनकरचं. दिनकर त्यांचा धाकटा भाऊ. कसबा बावड्याच्या कडेला त्याची जेमतेम जमीन. आजूबाजूला सगळ्यांनी कारखान्याला ऊस लावलेला, हा पठ्ठ्या मात्र वांगी, मेथी, पोकळा, वरणा लावायचा. सकाळी सायकलवरून पाटी आणून बहिणीच्या पायरीवर मांडायचा. आमच्या बोळातल्या बायका पाटीकडे नजर टाकायच्या आणि पिशव्या घेऊन मंडईला जायच्या. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "ताई, हितं माळवं खपलं न्हाय, तर रान उसाला देतो अन् कबनूरला यंत्रमागावर कामाला जातो."

सिस्टर हट्टाला पेटल्या. दिनकर आणेल ते शिजवायचं आणि घरोघरी वाटीभर पोचवायचं. खाऊन बघा, आवडलं तर घ्या. वाट्या लख्ख धुऊन, आत चिमूटभर साखर घालून परत यायच्या. सगळे म्हणायचे, "छान." पाटी मात्र भरलेलीच. सिस्टरांना शंका आली नसती तरच नवल.

एके दिवशी भरली वांगी आली. संध्याकाळी सिस्टर दारोदार चौकशीला निघाल्या.

आमच्या ह्यांनी वाटीवरचं झाकणही उघडलं नव्हतं. तरी दारातूनच म्हणाले, "सिस्टर, काय चव! बोटं चाटत बसलोय."

"मग मीठ तुमच्या बोटांचंच असंल. भाजीत मी घातलंच न्हवतं."

सगळा बोळ असाच सापडला. माझ्यासारख्या काहींनी खाल्ली होती, पण वरून मीठ घेऊन. आयत्या भाजीला नावं कशी ठेवायची, म्हणून आम्हीही 'छान' म्हटलं. एरवी अनोळखी पावण्यालाही तोंडावर सुनावणारी आमची पेठ नेमकी त्या दिवशी सभ्य झाली! सिस्टर घरात गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

मी मागोमाग गेले. खरं काय ते सांगितलं.

"आता सांगतायसा," त्या म्हणाल्या.

मला रागच आला. "वाटीभर भाजीसाठी एवढा संशय, सिस्टर?"

त्या म्हणाल्या, "वैनी, मी शाळंत हुते. आम्ही नुकतंच बौद्ध झालेलो. धर्म बदलला, गाव त्येच. आई ज्यांच्या रानात राबायची, त्यांच्याकडं तिनं खपली गव्हाची खीर धाडली. माझ्या हातनं. त्यांनी हसून घेतली. छान झालती म्हणून सांगितलं. सांजच्याला मी बघितलं, खीर म्हशीपुढं ओतलेली."

"आई काय म्हणाली?"

"आईला मी सांगितलंच न्हाय. ती दरसाल धाडायची. अन् मी दरसाल न्हेऊन द्यायची."

मला फार वाईट वाटलं. आमच्याबद्दलचा त्यांचा संशय खोटा आहे, हे ठणकावून सांगायची छातीही होईना.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. कोपऱ्यावरच्या घरातली हौसाक्का. घरची शेती, गोठ्यात म्हशी, आणि आवाज असा की ती जे घेईल तेच बोळातल्या बायका मुकाट घेत. ती उशिरा जेवायची, म्हणून तिची चौकशी राहून गेली होती. हातात उष्टी वाटी.

"ए सिस्टर! मीठ काय दवाखान्यात इसरून आलीस व्हय? असलं कवळं, झकास वांगं, अन् वाटोळं केलंस की त्याचं! पयला घास खाल्ला अन् ताटावरनं उठले बघ. आण मीठ!"

सिस्टरांनी मिठाचा डबाच आणला. हौसाक्कानं स्वयंपाकघरात फतकल मारली, मीठ कालवलं, टोपलीतली भाकरी विचारल्याशिवाय मोडून घेतली आणि जेवायला लागली.

"तुझ्या भावाला सांग, उद्या पाटी माझ्या दारात उतर म्हणावं. बायकांस्नी मी हाक मारते. येवढं जवळचं रान सोडून मंडईत जातोय, खुळं हाय का काय आम्ही!"

सिस्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. एक घास गिळून झाला की पुढच्या घासाकडे बघत होत्या. वाटी पुसून घेऊन हौसाक्कानं ती पुढे केली.

"बघत काय बसलीस? वाढ की आणखी."

सिस्टरांना वाढता येईना. डाव पातेल्यातच राहिला आणि पदर तोंडाला लावून त्या हमसून हमसून रडायला लागल्या. शेवटी मीच उठले, हौसाक्काला वाढलं, आणि एक वांगं घेऊन तिच्या शेजारी जेवायला बसले.