हातभर माती

पहिल्या भेटीत माणूस पाणी विचारतो. चांगोकाकांनी मला लघवी विचारली.

"लागलीय काय, साहेब? लाजू नका. हितं, बांधाच्या आत जा. वाया नको!"

मी मुरबाड तालुक्यात कृषी सहायक म्हणून नवाच रुजू झालो होतो आणि मातीचे नमुने घ्यायला सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या गावात गेलो होतो. पोटासाठी माणूस काय काय करतो! आता लपवायचं कशाला, गेलो बांधाच्या आत.

मग हळूहळू कळलं, अख्खं गाव या म्हाताऱ्याला टरकून आहे. लग्नाची पंगत उठायच्या आत हे पत्रावळींसाठी गोणी घेऊन हजर. वैशाखरे गावच्या न्हाव्याकडून कापलेले केस पिशवीत भरून आणतात. घरोघरी संडास झाले तेव्हा गावानं पेढे वाटले. काका तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. "आमचं खत खड्ड्यात घातलंनी," एवढंच म्हणाले. रस्त्यात म्हशीनं शेपूट उचललं की सत्तरीतले काका असे धावतात, तसा मी कधी एसटी पकडायलाही धावलो नाही.

हे सगळं जातं त्यांच्या एका खाचरात. खाचर कसलं म्हणा! शेजाऱ्यांच्या भातजमिनी वर, आणि काकांची मधेच खाली गेलेली, खरवडलेल्या टोपासारखी. तळाशी नुसता लाल मुरूम.

वरची हातभर माती वीटभट्टीवाल्यानं नेली होती. दिली होती काकांच्या मुलानं, सुनीलनं. काका चार महिने शहापूरला लेकीकडे राहायला गेले होते, तेवढ्यात. मातीच्या बदल्यात त्यानं विटा घेतल्या आणि बापासाठी पक्कं घर उभं केलं. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा खूश होईल. म्हाताऱ्यानं परत आल्यावर घराकडे बघितलंसुद्धा नाही. खाचराकडे बघितलं आणि म्हणाला, "मला तोंड दाखवू नको." सुनील त्याच दिवशी बायकोला घेऊन आसनगावला राहायला गेला. त्याला चार वर्षं झाली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात काका खाचरात राब भाजतात. म्हणजे पाला आणि शेण पसरून जाळतात, मग त्यावर भाताचं बी टाकतात. आणि दर वर्षी इकडचा मेला पाऊस ती राख, ते शेण, सगळं धुऊन ओढ्यात नेतो. काका भर पावसात बांधावर बसून फुटलेल्या जागी हातानं चिखल लिंपत असतात. भात वीतभर वाढतं, पिवळं पडतं. लोंबीत दाणा म्हणून धरत नाही.

नमुना घेताना माझी पंचाईत झाली. नियम असा की शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. काकांच्या खाचरात ढिगाशिवाय जागाच नव्हती. कशीबशी पिशवी भरली. तपासणीचा कागद आला, त्यावर सेंद्रिय कर्बापुढे लिहिलेलं: अत्यंत कमी.

"काका, खरं सांगू? इथं पुन्हा माती व्हायला तुमचं आयुष्य पुरायचं नाही. माझंही नाही."

"ठाव हाय मला."

मला रागच आला. "मग हा सगळा खटाटोप कशाला करता?"

काका पायाच्या अंगठ्यानं मुरूम उकरत राहिले.

"साहेब, येक काम करा. जमीन भरली म्हणून कागदावर लिवा आनि सुनीलला धाडा. मी रागात येकच शबूद बोललो. पोरगा तोच पाळत बसलाय. जमीन भरली कळलं तर येल तो."

"अहो, मग तुम्हीच फोन करा ना."

"केला व्हता. त्यानं हॅलो केलं का माझं तोंडच उघडत नाय."

नोकरीत मी खोटं कधी लिहिलंच नाही, असं नाही. पण ते वरून सांगितलेलं. हे पहिलंच मी आपल्या मनानं लिहिलं. 'जमीन सुधारली आहे. पीक घेण्यास योग्य.' खाली झोकात सही ठोकली आणि फोटो सुनीलला पाठवला.

तासाभरात त्याचा फोन. "साहेब, मी पन हितलाच हाय. भट्टीनं नेलेली जमीन चार वर्सांत भरत नाय. बाबांनी लिवायला लावलं ना?"

पलीकडे तो रडायला लागला. चांगला बाप्या माणूस, पण आवाज आवरेना.

"येतो म्हनून सांगा. पन खाचरावरून नाय येनार. मला ते बघवनार नाय. मागल्या वाटेनं येन."

मी निरोप दिला. काकांनी कोयता उचलला. घरामागची वाट करवंदीच्या जाळ्यांनी पार बुजून गेली होती. दिवसभर एकटे काटे तोडत होते. मी हात लावायला गेलो तर मला जवळ येऊ दिलं नाही.

त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला. जाळ्या पुन्हा वाढल्या, काकांनी पुन्हा तोडल्या. सुनील काही आला नाही. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, फोन लावू का त्याला? चांगला झापतो."

"नको, नको. वरडू नका त्याला," काका घाईनं म्हणाले. "वाट मोकली केलीय, येवढंच सांगा."