एकोणसत्तरशेचा घोळ

बँकेचा उतारा आणि ऑफिसची वही यांचा मेळ घालावा तर आम्हीच! फुशारकी नाही, बावीस वर्षांचा अनुभव बोलतोय. म्हणून साहेब जेव्हा म्हणाले, "आधी महिन्याचा मेळ दाखवा, मग रजेवर सही," तेव्हा मी चक्क हसलो. संध्याकाळी सहाची बस होती. मेव्हणीच्या नव्या घरी चार दिवस जायचं होतं. बायकोने बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या.

"चारला घरी!" मी तिला फोनवर सांगून टाकलं.

दुपारी दोनला कळलं की बँकेत वहीपेक्षा हजार रुपये जास्त आहेत!

"जास्तच आहेत ना, सर? मग चांगलंच की!" नव्या मॅडम म्हणाल्या. या माझ्या शेजारच्या टेबलावर दोन महिन्यांपूर्वी रुजू झाल्या. मी चेकचे आकडे सांगायचे, त्यांनी ते कॉम्प्युटरवरच्या वहीत भरायचे. बाई हुशार, पण आकडे सगळे इंग्रजीतून! मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, माझ्यासमोर मराठीतच बोलायचं.

"जास्त काय नि कमी काय, फरक तो फरक! तुम्ही वही वाचा, मी उताऱ्यावर खुणा करतो."

त्या वाचू लागल्या. "बाराशे." खूण! "साडेतीन हजार." खूण! "खुर्च्यांची दुरुस्ती, एकोणसत्तरशे." खूण! सगळं बरोबर. बेरीज केली, तर हजाराचा फरक जागचा हलायला तयार नाही.

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. उतारा गोवर आलेल्या पोरासारखा दिसायला लागला. एकूण एक आकडा जुळतोय आणि बेरीज तेवढी जुळत नाही! चूक बँकेचीच, दुसरं काय? फोन लावला.

"आमच्या खात्यात हजार रुपये जास्त दिसताहेत!"

"जास्त?" पलीकडची बाई गोंधळली. "कमी असल्याची तक्रार घेतो आम्ही. जास्तीचा फॉर्मच नाहीये!"

तेवढ्यात बायकोचा फोन. "साडेचार वाजले! निघालात ना?"

"अगं, फरक सापडत नाहीये!"

"घर आणि ऑफिस यांतला फरक बावीस वर्षांत सापडला नाही तुम्हाला! आज काय सापडणार, कपाळ?"

फोन आपटल्याचा आवाज आला. मी तोंड पाडून म्हणालो, "मॅडम, शेवटचं वाचा."

त्याही वैतागल्या होत्या. मराठीचा नियम विसरून भराभरा वाचत सुटल्या आणि खुर्च्यांपाशी म्हणाल्या, "सेव्हन थाउजंड नाइन हंड्रेड!"

"काय?" मी उडालोच! "एकोणसत्तरशे म्हणजे सहा हजार नऊशे हो! सत्तराला एक कमी!"

"पण सर, मी आकडा भरतानाच विचारलं होतं. म्हटलं, एकोणसत्तर म्हणजे सत्तर आणि वर नऊ ना? तुम्ही म्हणालात, हो हो, अगदी शंभर टक्के!"

मला आठवलं. तेव्हा माझ्या कानाला फोन होता. बायको विचारत होती, रजा नक्की मिळणार ना? ते 'शंभर टक्के' तिच्यासाठी होतं!

आता भांडायला वेळ कुठे होता? आकडा दुरुस्त केला, मेळ साहेबांपुढे ठेवला, सही घेतली आणि धावत सुटलो. घरी पोचलो तेव्हा सहाला पाच कमी होते. दाराला कुलूप!

"किल्ली माझ्याकडे आहे," शेजारचे काका त्यांच्या दारातून म्हणाले. "सूनबाईंनी वाट पाहिली हो बरीच. मग तिकीट वाया जायला नको म्हणून आमच्या हिलाच घेऊन गेल्या. चार दिवस!"

"असं होय," मी कसाबसा म्हणालो.

"आणि म्हणाल्या, हे रजेवरच आहेत, तुमच्या जेवणाचं बघतील!" काकांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "मला तिखट चालत नाही. दात नाहीत, तेव्हा सगळं मऊ लागतं. आणि साडेसातला जेवतो मी."

आज तिसरा दिवस. मंजूर झालेली रजा मध्येच रद्द करून घेता येते का हो? तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर साडेसातच्या आत कळवा!