सव्वाचार किलोचा भरवसा

वेई चांगशुन यांनी बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजल्या, आणि त्या बत्तीस वर्षांत एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही. उसावर पाणी मारलेलं त्यांना नुसत्या वासावरून कळे. मोळ्यांखाली दडवलेला धोंडा ते गाडीचं टायर बघून सांगत. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. "बरं झालं, लग्नात तुझ्याकडे काटा नव्हता," बायको मेइलान म्हणायची.

मेइलान पानांत बांधून उकडलेल्या चिकट भाताच्या पुड्या विकत असे. रोज सकाळी सायकलवर टोपली लादून योंग नदीचा पूल चढायचा आणि पलीकडच्या भाजीबाजारात बसायचं. यंदा गुडघ्याने दगा दिला. नौकांचा सण तर आठ दिवसांवर आला होता, आणि त्या सणाला भाताची पुडी नाही असं घर नान्निंगमध्ये सापडायचं नाही.

"सणाआधी काहीतरी कर," ती म्हणाली. "नाहीतर गाळा सोडते. पूल जिंकला, मी हरले."

वेई विचाराला लागले. तयार विजेची सायकल घ्यायची तर तिच्या पोटात काय भरलंय कोण जाणे! म्हणून त्यांनी तिच्याच सायकलला स्वतः मोटर बसवली. आयुष्यातली पहिलीच गाडी, पण जमली. आता स्वस्तातल्या चार बॅटऱ्या तेवढ्या हव्या होत्या. बॅटरीत शिसं असतं, शिसं जड असतं, आणि सव्वाचार किलोच्या खाली भरली ती बॅटरी चोराची, एवढा अभ्यास त्यांनी करून ठेवला.

कारखान्याचा निळा शर्ट, खिशाला पेन, एका हातात वही, दुसऱ्यात हातकाटा अशा थाटात ते बॅटरीवाल्यांच्या गल्लीत शिरले. कोणीतरी ओरडलं, "तपासनीस आला!" धडाधड शटरं खाली आली.

"सगळे चोर," वेई समाधानाने पुटपुटले.

दोनच दुकानं उघडी राहिली. पहिल्यात लियाओबाई जुन्या बॅटऱ्यांत पाणी भरत बसल्या होत्या.

"जुन्या आहेत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मीच दुरुस्त केल्यात. वर्षभर चालतील. पुढचं मला विचारू नका."

वेईंनी एक उचलून काट्याला लावली. "तीन किलो नऊशे! साडेतीनशे ग्रॅम कुठे गेले?"

"वय झालं की आटतं माणूस, ही तर बॅटरी. दादा, तुम्हाला जड हवी की चालणारी?"

स्वतःच्या मालाला नावं ठेवणारा व्यापारी वेईंनी जन्मात पाहिला नव्हता. बाई फार मोठं काहीतरी लपवतेय, याबद्दल त्यांची खात्री पटली.

दुसऱ्या दुकानात छिन नावाच्या हसऱ्या मालकाने आधी चहा पुढे केला. "या उस्ताद! माझा काटा नको, तुमचाच लावा." चार बॅटऱ्या काट्याला लागल्या. चारही सव्वाचार किलो. ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. भाव नव्याच्या निम्मा.

आता वेईंना स्वतःच्या काट्याचाच संशय आला. पैसे मोजून त्यांनी बॅटऱ्या थेट भाजीबाजारात नेल्या. फाटकाशी सरकारी काटा असतो. भाजीवाल्याने मापात मारलं असं वाटलं की कोणीही तिथे पुन्हा तोलून बघावं. तो काटाही तेच म्हणाला. निम्मा बाजार गोळा झाला.

"चारही अगदी सारख्या?" मेइलानने डोळे बारीक केले. "माझ्या दोन पुड्या कधी सारख्या भरत नाहीत."

"तू हाताने बांधतेस. हे यंत्राचं काम," वेई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेइलान टोपलीसकट गाडीवर बसली. गाडी गुणगुणत निघाली. मागून वेई छाती काढून चालत होते. पुलाच्या ऐन चढावर गुणगुण थांबली. मोटरचं, बॅटऱ्यांचं आणि भाताचं ओझं वेईंनी पुढे ढकलत नेलं, आणि मेइलान लंगडत मागून आली.

बाजारात मासेवाल्याने सुऱ्याने एक बॅटरी फोडली. वर शिशाचा पातळ थर, खाली घट्ट सिमेंट.

"धोंडा," मेइलान हळूच म्हणाली. "उसातला."

वेई तडक छिनकडे गेले. तो तसाच हसरा, चहाही तसाच गरम. "उस्ताद, तुम्ही वजन विचारलंत. वजन कमी भरलं का?"

पळणारे सगळे चोर हे वेईंनी बरोबर ओळखलं होतं. पण तपासनीस आला तरी न पळणारे दोन प्रकारचे असतात हे राहून गेलं होतं. एकाला भीती नसते, आणि दुसऱ्याची तयारी झालेली असते.

ते खाली मान घालून लियाओबाईंकडे आले.

"काटा कुठंय?" बाईंनी विचारलं.

"घरी ठेवला."

"मग बसा. जुन्या आणल्यात का? त्या घेऊन किमतीत कमी करते." त्यांनी फुटलेल्या बॅटरीत डोकावलं आणि खो खो हसल्या. "ह्या तुमच्या तुम्हालाच लखलाभ. मी शिसं घेते, भिंती नाही बांधत!"

त्या आटलेल्या बॅटऱ्यांवर मेइलानने सणाच्या आठवड्यात पूल रोज चार वेळा ओलांडला, आणि एकदाही खाली उतरली नाही. दुपारी दोनलाच टोपली रिकामी व्हायची. गाळा राहिला.

सणाच्या गर्दीत बाजाराच्या सरकारी काट्यावर लोक भांडू लागले. काटा खरा कशावरून? काटा तपासायला ठेवलेलं वजन कधीच चोरीला गेलं होतं. पण वेईंच्या बॅटऱ्या ग्रॅमलाही चुकत नाहीत हे निम्म्या बाजाराने पाहिलं होतं. व्यवस्थापक वेईंकडे आला आणि न फुटलेल्या तीनपैकी एक बॅटरी मागून घेऊन गेला. सोबत वेईंनाही बसवलं. आता ते रोज सकाळी बॅटरी काट्यावर ठेवतात, सव्वाचार दाखवतात आणि मगच लोकांची भाजी तोलतात.

परवा एका म्हातारीने बॅटरीकडे बोट दाखवलं. "ह्याच्या वजनाचा काय भरवसा?"

पलीकडे मेइलान पुडी बांधता बांधता थांबली.

"पूर्ण भरवसा, आजी," वेई म्हणाले. "मी स्वतः ढकलत पुलावरून आणलंय."